सगुणेचा उखाणा

कापसाची टोपली डोक्यावर घेऊन सगुणा जिनिंग कारखान्याच्या दारातून बाहेर पडत होती. त्याच क्षणी नवा मुकादम भुजंग आत शिरत होता. टोपली कलंडली. भुजंगाच्या केसांवर, मिशांवर शुभ्र कापूस विसावला.

"मुकादमी सुरू व्हायच्या आधीच म्हातारे झालात की," ती म्हणाली.

भुजंगाने कापूस झटकला नाही… तो तिच्याकडे पाहतच राहिला.

हिंदुस्तान स्वतंत्र झाला होता. जालना मात्र अजून निजामाच्या राज्यात होते. एखादा शब्द सरकारी कानी गेला, तर कारखान्याला कुलूप लागेल, हे भय मालक गिरधारीलाल शेठजींना अहोरात्र ग्रासत असे. त्यांची आज्ञा स्पष्ट होती : राजकारण बोलेल, त्याला कामावरून काढा.

भुजंगाने सौम्य उपाय योजला. जो राजकारण काढील, त्याने उखाणा घ्यावा. जोडीदाराचे नाव घेताना लाज दाटे, हशा पिके आणि विषय आपोआप मोडे.

अविवाहित सगुणा मात्र निर्भय होती. "माझ्याजवळ घ्यायला नावच न्हाई. मी तर बोलणार."

"बोल… पण हळू," भुजंग म्हणे.

एके दिवशी कापूस निवडताना ती सख्यांना विचारत होती, "आपला मुलूख हिंदुस्तानात कवा जाईल गं?" दारात शेठजी उभे होते.

"मुकादम, हिला आजच काढा."

सगुणेचा चेहरा उतरला. धाकटी भावंडे तिच्याच रोजावर जगत होती.

"शेठजी, इथं उखाण्याचा दंड हाये," भुजंग कसाबसा म्हणाला. "तो घेऊ द्या तिला."

सगुणा उठली. पापण्या खाली झुकल्या.

"सरकी झाली वेगळी, रुई राहिली मऊ,
भुजंगरावांचं नाव घेते… काम सोडून जाऊ?"

बायकांचे हात थबकले.

"ही तुमची कोण?" शेठजींनी विचारले.

"आजवर कोणी नव्हती, शेठजी. पण ही गेली, तर मीबी चाललो."

शेठजींनी कापसाच्या ढिगाकडे पाहिले, मग त्या दोघांकडे. "राजकारण बिलकुल बंद. आणि लगीन हंगाम संपल्यावर करा. ऐन कामात दोघांची सुट्टी परवडायची न्हाई."

ते गेल्यावर सगुणेने हळूच विचारले, "हंगाम कवा संपतो हो?"

"तू जल्दी निवडशील तवा."

"मंग आजपासून गपच बसते. बोलण्यात लई वेळ जातो."

"तेवढं करू नको," भुजंग म्हणाला. "तुझं बोलणं ऐकायलाच तर… मी रोज लौकर येऊन राह्यलो."