चार बावन्नची सही

सकाळी सव्वादहाला रुचिताने लॅपटॉप उघडला आणि पोह्यांचा घास तिच्या तोंडातच राहिला.

पडद्यावर आईच्या निविदेसमोर एक लाल ओळ होती. निविदा मागे घेतली. काल, दुपारी ४.५२.

"आई! तू टेंडर मागे घेतलंस?"

कांता हातातलं उलथणं घेऊन तशीच बाहेर आली. "वेडी आहेस का गं? मी कशाला घेऊ?"

अकराला निविदा उघडणार होत्या. सरकारी वसतिगृहांतल्या मुलांचे गणवेश, वर्षभराचं काम. ठाकुर्लीत घरापासून वेगळ्या घेतलेल्या कांताच्या दोन खोल्यांत चौदा बायका शिवायला बसायच्या, त्या याच कामाच्या भरवशावर.

कागदी पाकिटांच्या काळात कांता तीनदा ठाण्याला गेलेली. पेटीसमोर ठेकेदारांची माणसं छाती काढून उभी. पाकीट पेटीत पडूच द्यायचे नाहीत. पडलंच तर नंतर गायब. मग सगळं ऑनलाइन झालं. पेटी गेली, पहारेकरी गेले. घरबसल्या भरा, घरबसल्या उघडताना बघा. गेल्या वर्षी कांताने पहिल्याच फटक्यात काम मारलं होतं!

रुचिताने मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "मागे घेतलेली निविदा परत भरता येत नाही, मॅडम."

म्हणजे काम गेलंच. पण घालवलं कुणी?

निविदा मागे घ्यायची तर आईची डिजिटल सही हवी. ती असते अंगठ्याएवढ्या एका चावीत. चावी लॅपटॉपला लावायची, पिन टाकायचा. चावी कपाटातल्या डब्यात जागेवर होती. रुचिताने ती उजेडात धरली. लख्ख!

परवा दसऱ्याला कांताने शिवणयंत्रं आणि कात्र्यांबरोबर या चावीचीही पूजा केलेली. "हेच माझं खरं हत्यार," म्हणत टोकाला ओलं हळदकुंकू फासलेलं. रुचिता केवढी हसलेली तेव्हा.

"आई, हळदकुंकू तू पुसलंस?"

"पूजेचं कुणी पुसतं का?"

रुचिता चावी घेऊन धावतच खालच्या सायबर कॅफेत गेली. निविदा मागच्या आठवड्यात तिथल्या सर्वेशनेच भरून दिलेली.

"सर्वेशदादा, काल पाचच्या सुमाराला कुठे होतास?"

"या, इन्स्पेक्टर मॅडम! इथेच होतो. कॅमेरा बघ हवं तर."

"लोकांच्या चाव्या तुझ्या खणात असतात. वर पिन चिकटवलेला."

"तीस आहेत. तुझ्या आईची नाही. ती काम झालं की चावी पदराला बांधून नेते. पिन टाकताना तर मला म्हणते, मान फिरव."

"निविदा मागे घेतली की मेसेज येतो?"

"लगेच. मोबाईलवर." त्याने चावी नखाने तपासली. "हळद वाळलेली असती तर ही आत गेलीच नसती. खरवडलीये कुणीतरी."

घरी बाबा, म्हणजे सुधीर, अंघोळ करून बसले होते. पुढ्यात पेढ्यांचा बॉक्स. कारखाना बंद पडून दोन वर्षं घरी होते. काल रात्री आले ते कोलशेतला सुदेशशेठच्या गोदामात सुपरवायझरची नोकरी लागल्याचं सांगतच.

"बाबा, काल दुपारी कुठे होतात?"

"ठाण्याला. साडेतीनला निघालो, आठला आलो. का?"

"टेंडर मागे घेतल्याचा मेसेज आईला आला असणार. तिला दिसलाच नाही."

"दिसणार कसा? बाईसाहेब फोन घरी चार्जिंगला टाकून शिवणाऱ्या विमलाबाईंकडे गेलेल्या."

"हो गं," कांता म्हणाली. "सव्वाचारला गेलेले, सव्वापाचला आले."

रुचिताने चावी खाली ठेवली. सकाळपासून ती स्वतःला केवढी हुशार समजत होती! आत्ता वाटलं, मठ्ठ असते तर बरं झालं असतं.

"आई, फोन घरी विसरलीस हे तू बाबांना कधी सांगितलंस?"

"मी? कुणालाच नाही."

लॅपटॉपवर अकरा वाजले. निविदा उघडल्या. एकच उरली होती. कोलशेतच्या सुदेशशेठची.

रुचिता उभी राहिली. 

"कपाट फोडलेलं नाही. पासवर्ड आणि पिन, दोन्ही माझी जन्मतारीख. बाहेरच्याला कशी कळणार? मीही बाहेर होते, फोन तासभर घरी एकटा होता. तो ज्याला दिसला, तो त्या तासात घरात होता. आणि चार बावन्न त्याच तासातले. तुम्ही परत आलात बाबा, हळद खरवडलीत, सही केलीत, मेसेज उडवलात. बदल्यात सुदेशशेठची नोकरी घेतलीत, मग पेढे आणलेत." तिने नाक पुसलं. "माझ्या वाढदिवसाला केक आणायला विसरता. तारीख मात्र पाठ!"

सुधीर बॉक्सचं झाकण लावत राहिले. "दोन वर्षं सगळे मला कांताचा नवरा म्हणतात."

"मग? वाईट काय होतं त्यात?" कांताने विचारलं.



"कागदाचं पाकीट असतं ना," रुचिता म्हणाली, "तर वेळ कळलीच नसती. आम्ही अजून ठेकेदारांनाच शिव्या देत बसलो असतो."

फोन वाजला. विमलाबाई. कांताने उचलला, स्पीकर लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा. चौदा जणी बसल्यात तिकडे."

"कांता," पलीकडून मशीनच्या खडखडाटात आवाज आला, "आपलं लागलं ना गं? आम्ही कापड मांडून बसलोय."