ओव्हनमधल्या टेपा

जुन्या टेपांचं कपाट भंगारात जाणार होतं आणि ती त्याला पाठ लावून उभी होती. टीव्ही केंद्रातली ही संकलक नाकावर माशी बसू देणाऱ्यातली नव्हती. साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं, "त्या जुन्या टेपा चालत नाहीत. संध्याकाळी ट्रक येतोय. त्याआधी एक तरी चालवून दाखव, सगळ्या ठेवतो."

"दाखवते," ती म्हणाली होती. आणि पहिलीच टेप मशीनमध्ये किंचाळून चिकटून बसली.

तेवढ्यात दारात एक तंत्रज्ञ उभा राहिला, केसांवर पावसाचे थेंब घेऊन. "जुनं मशीन न्यायचंय..." बोलता बोलता त्याची नजर टेपांवरच्या नावावर गेली आणि तो नकळत एक धून गुणगुणू लागला.

तिच्या अंगावर काटा आला. सुट्टीची सकाळ, आईच्या हाका, आणि टीव्हीवर वेणीवाल्या ताईंचा विज्ञानाचा कार्यक्रम. त्याचीच ही धून.

"तुम्हीही बघायचात?"

"नुसतं बघायचो? आईच्या बाटल्या फोडल्यात मी. बाटलीत अंडं घालायचा प्रयोग... आठवतो?"

"तो फसला होता. आणि ताई हसून म्हणाल्या होत्या –"

"का, ते घरी शोधा," दोघं एकदम म्हणाले.

तो मशीनपाशी वाकला आणि त्याने चिकटलेली टेप अलगद सोडवली. "टेपांनी ओलावा धरलाय. मंद आचेवर दिवसभर शेकल्या तर चालतील."

"टेपा शेकायच्या? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"आत आल्यापासून... नाही."

कँटीनच्या मावशींनी ओव्हन दिला, पण दम भरूनच. "जळका वास आला, तर तुम्हा दोघांनाही आत घालीन." दोघं ओव्हनवर पहारा देत बसले. तो सारखा दार उघडून डोकावायचा.

"उघडू नका. ऊब जाते."

"मग बघू कुठे?"

"समोर."

"समोरच बघतोय," तो म्हणाला, आणि तिने उगाच पदर सावरावा तशी ओढणी सावरली.

संध्याकाळी ट्रकचा हॉर्न वाजला. साहेब आले. तिने टेप लावली... पडदा थरथरला आणि ताई आल्या. अंडं बाटलीच्या तोंडावर बसलं ते बसलंच. ताई खळखळून हसल्या. तिचे डोळे भरून आले.

"हे जपायचं?" साहेब म्हणाले. "फसलेले प्रयोग?"

"हो, फसलेलेच. चुकलं तर लपवायचं नाही, हे मला या बाईंनी शिकवलं. टेप चालली, शब्द तुमचा होता. आता कपाट हललं तर मीही हलेन, आणि का हलले ते सगळ्यांना सांगेन."

साहेब तंत्रज्ञाकडे वळले. "तुम्ही मशीन तरी न्या."

"चालू मशीन मी नेत नसतो," तो शांतपणे म्हणाला.

ट्रक रिकामा परत गेला.

तो निघाला, पण दारातच रेंगाळला.

"तुम्हाला सापडलं होतं का," तिने विचारलं, "अंडं का नाही गेलं ते?"

"शेवटच्या बाटलीला सापडलं. ताईंना उशीर झाला होता. आत ऊब आहे तोवरच ठेवायचं असतं, नाहीतर ते बसतं तसंच दारात."

"मग तुम्ही का उभे आहात दारात?"

तो आत आला. "आवडलीस तू मला. सकाळपासून. का, ते मात्र..."

"घरी शोधू," ती म्हणाली. "माझ्या घरी. आई अजून बाटल्या लपवून ठेवते, त्या मी काढते. अंडी तू आण."