दुपारी एकचं गुड मॉर्निंग

माझी बहीण इव्होर्ना रविवारी दुपारी एक वाजता समुद्रात बुडाली. पण तसं काही झालेलं नाही. ती आत्ता स्वयंपाकघरात मासे तळतेय आणि मीठ अगदी बरोबर पडलंय.

त्या दिवशी सुट्टी होती. आम्ही दोघं सकाळीच किनाऱ्याच्या वाटेनं टोकाच्या खाडीकडे निघालो. सेंट जॉन बेटावर जन्मलेल्याला ही वाट पायांनीच पाठ असते. साखर कारखान्याच्या पडक्या भिंती, मग निवडुंग, मग पायाखाली खडखडणारी पोवळ्याच्या तुकड्यांची पुळण. मध्येच एक गाढव आडवं उभं होतं. इव्होर्ना त्यालाही "गुड मॉर्निंग" म्हणाली.

"गाढवाला?"

"तुला रोज म्हणतेच की."

आमच्याकडे दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना आधी वेळेप्रमाणे नमस्कार. नाही केला तर पावसुद्धा मिळत नाही. आणि कुणी केला तर उलट द्यायचाच. या एका कलमाखाली मी आईची चप्पल दोनदा खाल्लीय. बारानंतर गुड मॉर्निंग म्हणतात ते फक्त पर्यटक.

खाडीत चिटपाखरू नव्हतं. घरून आणलेल्या तळलेल्या पोळ्या खाल्ल्या, मास्क चढवले, स्नॉर्कलच्या नळ्या दातांत धरल्या आणि शेजारी शेजारी पोहू लागलो. खाली गवतावर एक कासव चरत होतं. आमच्या सावल्या त्याच्या पाठीवरून सरकल्या.

तेवढ्यात माझ्या नळीतून आवाज आला. कानातून नव्हे, नळीतून. दातांना जाणवला.

"गुड मॉर्निंग."

अदबशीर आवाज. खालून आलेला.

मी मनगटावर बघितलं. एक वाजून दोन मिनिटं. म्हणून गप्प राहिलो.

इव्होर्नाकडे घड्याळ नव्हतं. होत्या फक्त चांगल्या सवयी. तोंडात नळी असतानाच तिनं उत्तर दिलं.

मग ती खाली गेली. बुडी मारून नव्हे. जिना उतरावा तशी, पाय आधी.

मी पाचदा तळ गाठला. कान फुटायला आले. गवत उपटलं, वाळू उकरली, पाण्यातच तिचं नाव ओरडलो. कासव चरत राहिलं. सहाव्यांदा वर आलो तेव्हा ती पुळणीवर बसली होती.

"किती पोहतोस रे! भूक लागलीय."

मी तिला मिठी मारून रडलो. तिचे केस कोरडे होते.

परतताना गाढव आम्हाला बघून पळालं. संध्याकाळी पाचला बसमध्ये चढताना ती ड्रायव्हर कॅलिक्स्टोकाकांना म्हणाली, "गुड मॉर्निंग."

"ऊन लागलं का गं पोरी?" काका म्हणाले. सगळी बस हसली. तीही हसली, जरा उशिरा.

आता ती दिवसभर तेच म्हणते. बाकी सगळं ठीक आहे. फक्त, माझ्या बहिणीला मीठ कधीच जमलं नव्हतं.

मी रोज खाडीवर जातो. डोकं पाण्यात घालतो. दुपारी "गुड आफ्टरनून" येतं. सूर्य टेकला की "गुड इव्हनिंग". इव्होर्नाचा आवाज. शेवटी जरा चढतो, ती चिडायच्या आधी चढतो तसा. वेळ एकदाही चुकलेली नाही.

मी नळी चावून गप्प राहतो.

उत्तर दिलं तर कोण वर येईल, माहीत नाही. कोण खाली जाईल, ते माहीत आहे.

हरवलेल्यांच्या शोधासाठी अर्ज द्यायला गेलो, तर कार्यालयातल्या मिस रोझलिंड म्हणाल्या, "अरे, हरवलेली बाई घरी आहे ना? मग शोधायचं कुणाला?"

"तिलाच."

"मग अर्जावर तिची सही आण."

ती स्वतः आली. सही केली. "गुड मॉर्निंग," म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे तीन वाजले होते.

अर्ज असा :

कु. इव्होर्ना ही घरी हजर असली तरी तिचा समुद्रातील शोध चालू ठेवण्यात यावा. शोधकार्यादरम्यान पाण्यातून कोणी वेळेस धरून नमस्कार केल्यास एका कर्मचाऱ्याने, शक्यतो ज्याची घरी कोणी वाट पाहत नाही अशाने, त्यास उत्तर द्यावे. अर्जदार भाऊ असूनही त्याला ते जमलेले नाही. तरी कृपया लवकर व्हावे, ही नम्र विनंती. पाण्यातली ती अजून पुरती चिडलेली नाही.