गाडी न्यूट्रलमध्ये होती

उद्या तुमच्या गाडीतून आम्हाला रुग्णालयात सोडायचं म्हणालात. आजच्या काळात शेजारी इतकं कोण करतं? पण बसा जरा. आधी हे सगळं ऐका, मग काय ते ठरवा. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे घडलं तेवढंच सांगते, पदरचं काही घालत नाही.

बाबांना दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. रुग्णालय डोंगरापलीकडे, बेचाळीस किलोमीटरवर. सुरुवातीला बसने नेत होते. पुढे बाबांना बसची पायरी चढवेना, तेव्हा मी एक जुनी गाडी घेतली. राखाडी रंगाची, चार दारांची, दिसायला गरीब गाय.

बाबांनी तेहतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली. यंत्राचा आवाज ऐकून ते त्याचं दुखणं सांगायचे. घरातला मिक्सर जरा वेगळा वाजला तरी आतल्या खोलीतून म्हणायचे, "त्याला सर्दी झालीय." गाडी बघायला गेलो तेव्हा त्यांनी खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ उभे राहिले.

"कसं आहे?" मी विचारलं.

"चालतंय." मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक पुसत म्हणाले, "पण दमतंय गं. माणसासारखं दमतंय."

मी हसले. म्हटलं, तुमच्याच वयाचं असेल. आणि गाडी घरी आणली.

पहिल्या दोन खेपा निर्विघ्न झाल्या. तिसऱ्या खेपेला, मंगळवारी, घाटाच्या पायथ्याशीच तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ उसळली. तास-दीड तास रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. इंजिन निवल्यावर रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि आल्या वाटेने परतलो. पाळी चुकली.

डायलिसिसची पाळी चुकणं म्हणजे काय, ते घरात तसा माणूस असल्याशिवाय कळत नाही. बुधवारी बाबांचे पाय डब्यासारखे सुजले. रात्रभर ते उशांना टेकून बसले होते, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. गुरुवारी सकाळी त्यांच्या छातीतून उकळत्या किटलीसारखा आवाज यायला लागला. रुग्णालयात फोन केला. तिथला तंत्रज्ञ भला माणूस. म्हणाला, "ताई, बाराच्या आत आणा, मशीन रिकामं ठेवतो. त्यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही." रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती अपघाताच्या ठिकाणी गेलेली. अडीच तास लागतील म्हणाले. तुमच्या दाराला कुलूप होतं. आणखी दोघातिघांना विचारलं. कुणाची गाडी गावाला, कुणाची मुलाने नेलेली.

मग काय करणार? अडला हरी! चार कॅन पाणी डिकीत टाकलं, बाबांना पुढच्या सीटवर बसवलं आणि निघाले.

घाटात धुकं होतं. सकाळचे साडेदहा वाजलेले, पण बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. दिवे लावले तर समोर नुसती पांढरी भिंत. मी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेटत होते. एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. तिसऱ्या वळणावर काटा लाल रेषेला टेकला. थांबले, पाणी घातलं. पाचव्या वळणावर पुन्हा थांबले. चारही कॅन संपले.

सहाव्या वळणाच्या वर, अगदी खड्या चढावर, इंजिनातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. गाडीला एक हिसका बसला आणि सगळं शांत झालं.

किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. बस, एवढंच.

"जॅम झालं," बाबा म्हणाले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. "बाळ... आता ते सुरू होणार नाही."

फोनला रेंज नव्हती. वीस मिनिटांत एक वाहन आलं नाही, वरून नाही की खालून नाही. मी उतरून डिकीला खांदा लावला, पाय रोवले, दातओठ खाऊन जोर केला. गाडी तसूभर हलली नाही. धुक्यात तशीच उभी राहून मी ढसाढसा रडले. मग डोळे पुसून आत येऊन बसले, कारण बाबांना माझा चेहरा दिसायला नको होता. त्यांच्या छातीतली किटली आता जोरात वाजत होती.

एकच उपाय सुचला. गाडी उलटी, उतारावरून हळूहळू खाली सोडायची. पायथ्याशी रेंज मिळते. ब्रेकवर पाय दाबला, गिअर न्यूट्रलला आणला, हँडब्रेक सोडला. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टीअरिंगही जड होतं. एक चूक झाली की सरळ दरी. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, कुणाला उद्देशून ते मलाही ठाऊक नाही, "अहो, कुणीतरी हात लावा हो..."

ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी पुढे गेली.

मागे नाही, पुढे. चढाच्या दिशेने. आधी वीतभर, मग हातभर, मग माणूस चालतो त्या गतीने. मी स्टीअरिंग घट्ट धरून बसले होते. किल्ली बंद. गिअर न्यूट्रलमध्येच. दोनदा हात लावून पाहिलं.

"सुरू झाली?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"हो, बाबा."

"खोटं बोलू नकोस. इंजिन बंद आहे." ते ऐकत होते. पंप ऐकायचे तसे, मान किंचित कलती करून. "ढकलतायत."

मग मलाही ऐकू आलं. मागून, डिकीच्या पलीकडून. बुटांचे तळवे खडीवर घासत होते. एक पाऊल, मग दुसरं. आणि धाप. लोहाराच्या भात्यासारखी खोल धाप. आरशात पाहिलं तर धुक्याशिवाय काही नाही.

"किती जण आहेत?" मी कुजबुजले.

"एकच माणूस आहे. फार थकलाय तो..."

चढाच्या शेवटच्या टप्प्यावर गाडी मंदावली. पावलं अडखळली. आता थांबणार, आता मागे येणार, असं वाटलं. तेवढ्यात गाडीत एक वास पसरला. ओल्या लोकरीचा, भिजलेली शाल दिवसचे दिवस वाळलीच नाही तर येतो तसा. काचा तर चारही बाजूंनी बंद होत्या.

बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात बर्फासारखा.

"मागे बघू नकोस."

"रस्त्यावर कोणी नाहीये, बाबा. मी पाहिलं आरशात."

"रस्त्यावर नाही गं..." ते म्हणाले. "गाडीत. मागच्या सीटवर."

मी मान वळवली नाही. आरशाकडेही पाहिलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी गाडीतून उडी टाकून पळत सुटावंसं वाटलं. पण बाबांना टाकून कुठे जाणार? ब्रेक दाबला असता तर गाडी थांबली असती, आणि थांबलेली गाडी पुन्हा कोणी ढकलली असती याची काय खात्री? पाय उचलूनच बसले. बाबा पुटपुटत होते, "त्यांना घाई आहे... फार घाई आहे. सारख्या त्यालाच बोलतायत."

"काय बोलतायत?"

"जोर लाव म्हणतायत."

मागची धाप एकदम वाढली आणि गाडी माथ्यावर चढली.

मला वाटलं, आता सुटलो. उतारावर गाडी आपोआप धावणार, ढकलणारा मागे राहणार. गाडी धावू लागली. आणि मागची पावलंही धावू लागली. अंतर पडलंच नाही. दोन्ही पायांनी ब्रेक दाबत, पूर्ण अंगाचा भार टाकून स्टीअरिंग वळवत मी एकेक वळण काढत होते, आणि तो धापा टाकत मागे येत होता. घाट संपला, सपाट रस्ता लागला, शहराची पहिली घरं आली. रस्त्यावर माणसं होती. एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती. तिने आमच्या गाडीकडे पाहिलं, गाडीच्या मागे पाहिलं आणि कुत्र्याला उचलून घरात पळाली.

गाडी रुग्णालयाच्या आपत्कालीन दारासमोर जाऊन उभी राहिली. मी ब्रेक लावला नव्हता.

पुढचं सगळं घाईघाईत झालं. चाकांची खाट आली, ऑक्सिजन लागला, बाबांना आत नेलं. तंत्रज्ञाने घड्याळाकडे बघून मान हलवली. बाराला सात मिनिटं कमी होती. चार तासांनी बाबांचे ओठ पुन्हा माणसाच्या ओठांसारखे दिसायला लागले. ते वाचले. हे मी विसरत नाही, विसरूही शकत नाही. ज्याने कुणी ढकललं, त्याच्यामुळे माझे बाबा आज घरात आहेत.

बाबा आत असताना मी गाडीपाशी परत गेले. मागची सीट रिकामी होती. पण मागचं डावं दार सताड उघडं होतं. त्या दिवशी ते दार आमच्यापैकी कुणीही उघडलेलं नव्हतं.

समोरच गॅरेज होतं. तिथले मिस्त्री काका, साठीचे, हात पुसत आले आणि गाडी बघून रस्त्याच्या मधोमध थांबले.

"ही कुठून आणली तुम्ही?"

मी सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडलं, एक प्लग काढला आणि त्या भोकातून बॅटरीचा उजेड आत सोडला. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग बॅटरी माझ्या हातात दिली.

"तुम्हीच बघा."

आत सगळं तपकिरी होतं. गंज, पापुद्रे सुटलेला.

"हे इंजिन आज जॅम झालेलं नाही, ताई. दोन पावसाळे गेलेत याच्यावर."

"असं कसं? आठवडाभर मी हीच गाडी चालवतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रुग्णालयाच्या दाराकडे. आवाज खाली आला.

"दोन वर्षांपूर्वी ही गाडी मीच टोचन करून आणली होती, त्या चढावरून. तेव्हाच सांगितलं होतं, इंजिन गेलं, भंगारात द्या. मालक डिकीला टेकलेला सापडला. उभ्या-उभ्याच गेलेला. हात सोडवायला आम्ही दोघं लागलो."

"एकटाच होता?"

"बायकोला इथे आणत होता. आजारी होती म्हणे. घरातून दोघं निघालेली शेजाऱ्यांनी पाहिली होती. पण गाडीत कोणी नव्हतं. लोकांनी दोन दिवस दरी पालथी घातली. काही मिळालं नाही."

मी किल्ली पुढे केली. म्हटलं, इथेच ठेवा, मला ही गाडी नको. त्यांनी हात मागे घेतले.

शेवटी किल्ली गाडीतच टाकली आणि रुग्णवाहिकेने बाबांना घरी आणलं. आजची सकाळ बरी गेली. बाबा पेजेची वाटी संपवून बसले, कुठलीही तक्रार नाही.

आज दुपारी तंत्रज्ञाचा फोन आला.

"ताई, उद्याची वेळ पक्की करतोय. बाराची. दोघांच्याही पाळ्या शेजारशेजारच्या मशीनवर लावल्यात, म्हणजे तुम्हाला एकच खेप पडेल."

"दोघांच्या म्हणजे?"

"तुमचे बाबा आणि त्या बाई. काल तुमच्याच गाडीतून उतरल्या ना? नोंदणीच्या खिडकीवर अर्ज ठेवून गेल्यात. नावाचा रकाना रिकामा आहे, पण पत्ता तुमचा लिहिलाय." कागद उलटल्याचा आवाज आला. "सोबत कोण येणार, तिथे मुलगी लिहिलंय आणि तुमचा नंबर दिलाय. म्हणून तर तुम्हाला फोन केला."

मी फोन कानाला आणखी घट्ट दाबला.

"ताई? आणाल ना त्यांना?"

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाबांना फोनवरचं ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी आतून त्यांचा आवाज आला, अगदी हलका, कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने काढलेला.

"हो म्हण."

मी दार ढकललं. बाबा पलंगावर अंग चोरून, पार भिंतीला टेकून बसले होते. पायांशी पलंगाचा अर्धा भाग त्यांनी रिकामा सोडला होता, आणि स्वतःचं पांघरूण घडी उलगडून तिकडे सरकवलं होतं.