स्वयंपाकघरातला पॅरलल फोन

मला घाण सहन होत नाही, हे आधीच सांगतो. दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावण्याआधी मी तो पालथा करून झटकतो. त्यातून काय काय पडतं ते बघितलंत तर तुम्हालाही जेवण जाणार नाही. चिवड्यातले पोहे, नखं, केस. शी! सांगलीत कंप्युटर दुरुस्तीचा धंदा करायचा म्हणजे लोकांचं उष्टं पुसायचं, दुसरं काय!

एकोणीसशे नव्व्याण्णवचा भाद्रपद होता. दोन हजार साल उजाडलं की कंप्युटरच्या तारखांचा घोळ होणार म्हणून जो तो घाबरलेला. विट्याच्या एका सूतगिरणीची सगळी मशिनं मला नव्याने लावून द्यायची होती. प्रत्येक मशिनवर आधी जुनं विंडोज टाकायचं, मग कंपनीने काढलेल्या दुरुस्त्या त्यावर चढवत बसायचं, यात माझा जीव गेला असता. म्हणून मी सॉफ्टवेअरची दोन फुकटची अवजारं पैदा केली होती. एक अवजार दुरुस्त्या इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं, आणि फोन मध्येच तुटला तर थांबलं होतं तिथून पुढे चालू करायचं. दुसरं त्या दुरुस्त्या मूळ विंडोजमध्ये कालवून सगळ्याची मिळून एकच सीडी बनवायचं. एकदा कालवलं की जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते निवडता येत नाही. भातात वरण कालवल्यावर येतं का काढता?

गिरणीचे मॅनेजर नानासो रोज फोन करायचे. "जवाहरशेठ, कवा येताय? साहेब लय मागं लागल्यात."

त्याच दिवसांत आईचा उपवास चालू होता. आमच्या जैनांत दशलक्षण पर्वाचे दहा दिवस काहीजण अन्न सोडतात. दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बस्स. आईने आजवर जेव्हा जेव्हा तो धरला तेव्हा मध्येच मोडला होता. कधी ताप आला, कधी चक्कर. "यंदा पार पडला तर पडला रं," ती मला म्हणाली होती. "पुढच्या वर्षी अंगात ताकद राहील न राहील." तिला दुसरं काही म्हणजे काही नको होतं. ना तीर्थयात्रा, ना सून.

रविवारी दुपारी मी मोडेमने इंटरनेटसाठी पुण्याला फोन जोडला आणि पहिलं अवजार चालू केलं. पडद्यावरची निळी पट्टी सरकत होती, म्हणजे न सरकल्यासारखीच. मी पेपर वाचत बसलो.

एकाएकी पट्टी पळायला लागली. आमच्या गावभागातल्या लाईनला एवढा वेग कधी मिळाला नव्हता. काय झालं म्हणून मी आत गेलो, तर आई स्वयंपाकघरातल्या पॅरलल फोनचा, म्हणजे त्याच लाईनवरच्या दुसऱ्या फोनचा, रिसीव्हर कानाला लावून उभी. आष्ट्याच्या चंदनामावशीला, तिच्या धाकट्या बहिणीला, फोन लावायला तिने तो उचलला होता.

"आई, ठेव तो! तुटेल ना!"

खरं तर तो आधीच तुटायला हवा होता. पॅरलल फोन उचलला की कानात कर्कश किंचाळतं आणि इंटरनेट बंद पडतं, हे घरोघरचं दुखणं होतं.

"कुणीतरी जेवतंय रं," आई म्हणाली.

मी रिसीव्हर घेतला. किंचाळणं नव्हतंच. पलीकडे कोणीतरी तोंड उघडं टाकून मचमच चावत होतं. मध्येच हाडातलं काहीतरी ओढून चोखल्याचा आवाज आला, मग बोटं चाटल्याचा. मग घोट उतरला. तो इतका जवळ उतरला की माझा कान ओला झाल्यासारखा वाटला. मी रिसीव्हर आदळला आणि बाहीने कान खसाखसा पुसला.

"क्रॉस कनेक्शन," मी म्हणालो, आणि टेलिफोनवाल्यांच्या नावाने खडे फोडले. बाहेर येऊन बघितलं तर पट्टी पुन्हा रेंगाळायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मोरीत चूळ भरत होती, थांबतच नव्हती. मी डोकावलो. चुळीच्या पाण्यावर तेलाचा लालसर तवंग होता. तिने दाताच्या फटीतून एक धागा ओढून काढला आणि बोटावर धरून मला दाखवला.

"हे काय रं?"

मी वास घेतला. मटण. कोण काय खातो याच्याशी मला देणंघेणं नाही, ज्याचं ताट त्याच्यापाशी. पण जिने आयुष्यात कांदासुद्धा चिरला नाही, तिच्या तोंडात? मला तिथेच भडाभडा ओकारी झाली.

"मी कायबी खाल्लं न्हाई," ती म्हणाली. "पण पोट भरलंय. माझा उपवास मोडला का रं?"

"नाही मोडला!" मी ओरडलोच. "तू खाल्लं नाहीस ना? मग नाही मोडला."

मी दोन्ही अवजारं बंद केली. मोडेमची तार भिंतीतून उपटली, पॅरलल फोनची सुद्धा. कोपऱ्यावरच्या बूथवरून नानासोंना सांगितलं, दुसरा माणूस बघा. "आवं, असं काय करताय?" ते म्हणत राहिले. मी फोन ठेवला. जाऊ दे खड्ड्यात ती गिरणी.

परत आलो तेव्हा निळी पट्टी चालू होती.

तार खाली जमिनीवर पडलेली. पट्टी टोकाला भिडली, आणि पडद्यावर दुसऱ्या अवजाराची खिडकी आपोआप उघडली. कालवणं सुरू.

मागच्या खोलीत आई उताणी पडली होती. ओठ गच्च मिटलेले. गळा तेवढा खालीवर होत होता.

मी मेन स्विच पाडला. पडदा काळा झाला. गळा थांबला नाही.

बऱ्याच वेळाने तिने ढेकर दिला. लांब, जड, तृप्त. मी माझ्या आईचा ढेकर कधी ऐकला नव्हता. ती पदराने तोंड पुसत रडायला लागली.

त्यानंतर ती चूळ भरताना दार लावून घ्यायची. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, उपवासानं काय तेज चढलंय! गाल भरले होते तिचे. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि बघवत नाही याचीही किळस येत होती.

पारण्याला मावशी आली. एकेका नातलगाने मुगाचं पाणी चमच्याने पाजायचं, अशी पद्धत. आईने हात जोडून आधी माझ्याकडे बघितलं.

"पार पडला, आई," मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. मावशीने पहिला चमचा तिच्या तोंडात घातला.

का कोण जाणे, मी स्वयंपाकघरात गेलो आणि तो उपटलेल्या तारेच्या फोनचा रिसीव्हर उचलला.

त्यात एक घोट उतरला.

मग पोट भरलेल्या माणसाचा जाड आवाज आला, किळस आल्यासारखा.

"शी! आळणी हाय की गं."

दारातून मला आई दिसत होती. तिने मावशीच्या हातातला दुसरा चमचा हळूच बाजूला सारला.

"चंदना," ती म्हणाली, "मीठ आण जरा."