बेहड्याला दोन बाटल्या

ऋतिकाच्या रोपाला कोणीतरी चोरून पाणी घालत होतं.

धायरीमागच्या टेकडीवर बाटलीभर पाणी घेऊन चढायचं आणि आपापलं रोप उन्हाळ्यातून जगवायचं, ही तिथे फिरायला येणाऱ्यांची जुनी रीत. दुसऱ्याच्या रोपाला हात लावायचा नाही, हेही सगळ्यांना ठाऊक. ऋतिका सदाशिव पेठेतून स्कूटर दामटत यायची, तर तिच्या बेहड्याचं आळं आधीच ओलं... आणि पानं मात्र रोज जास्तच पिवळी. तहानलंय बिचारं, म्हणून ती एकाऐवजी दोन बाटल्या ओतू लागली. शेवटी तिने अस्सल पेठी पाटी लावली : 'या रोपाला आई आहे. उगाच माया करू नये.'

दुसऱ्या दिवशी ती उजाडता उजाडता पोचली आणि चोर सापडला. उंचापुरा, घामेजलेला, दोन्ही हातांत बाटल्या.

"पाटी वाचता येत नाही का?"

"वाचली ना. पण माझी माया उगाच नाहीये," तो म्हणाला, आणि असा हसला की ऋतिका तयार करून आणलेलं पुढचं वाक्य विसरली.

त्याचं नाव इंद्रजीत. धायरीचाच, आयटीत नोकरीला. पानं पिवळी दिसली म्हणून त्यानेही एकाच्या दोन बाटल्या केल्या होत्या. दोघांनी आळ्यात बोटं घालून पाहिली. अति तिथे माती म्हणतात, इथे तर चिखल झाला होता. मग वार ठरले : सोम, बुध, शुक्र तिचे, मंगळ, गुरू, शनी त्याचे. रविवारी रोपाला सुट्टी.

मंगळवारी ऋतिका आलीच. हातात बाटली होती, पण रिकामी.

"सहज आले," ती म्हणाली. त्याने काही विचारलंच नव्हतं.

याच जागेवर इतकी माया का, हे मात्र तिने विचारलं. इथे मोठा बेहडा होता, तो सांगू लागला, त्याचे आजोबा दत्तोबा त्याखाली भाकरी सोडायचे... ऋतिकाने ओळखलं : तोच बेहडा. लहानपणी दर रविवारी बाबा तिला इथे आणायचे. झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घ्यायची, फटीतून नुसती चोच दिसायची, आणि नर दिवसभर फळं आणून भरवायचा. संसार असा करावा, बाबा म्हणायचे. ते गेले, तेव्हा तिने इथे हे रोप लावलं. झाड कसं गेलं, हे तिला माहीत नव्हतं; तिने विचारलं.

"रस्त्यासाठी हा सगळा उतार तोडला," इंद्रजीत म्हणाला. "चैत्रात धनेशाची जोडी आली, तर ढोलीच नाही. नर चोचीत उंबर घेऊन रिकाम्या जागेभोवती फिरत राहिला... कितीतरी दिवस. मग ती जोडीही गेली. पिंगळे गेले, मधमाश्या गेल्या. पाचोळा उरला नाही, तर त्यात किडे शोधणारा नवरंग पक्षीही फिरकेना. राखीव वनाची पाटी तेवढी हाय अजून."

'हाय' म्हणताना त्याचा आवाज गावाकडे गेला. ऋतिकाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. बाबांचा बोट दाखवणारा हात तिला लख्ख आठवला. इंद्रजीतने आपली बाटली पुढे केली.

"आज वार माझा आहे. घोटभर तुला देऊ शकतो."

ती रडता रडता हसली. आपण 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यानंतर एकाच्या वाराला दुसरा रिकामी बाटली घेऊन यायचाच. बेहडा मात्र हट्टाने पिवळा. हे रोप गेलं तर बाबांचं टेकडीवर काही उरणार नाही, अशी धास्ती ऋतिकाला रोज चढताना वाटायची. मे सरता सरता एका सकाळी शेंड्याला तांबूस पालवी दिसली. दोघं त्याच्याशेजारी उकिडवी बसून राहिली, खांद्याला खांदा लागला तरी कोणी सरकलं नाही.

"पण ढोली पडायला पन्नास वर्षं तरी लागतील," ती म्हणाली.

"थांबू की."

"तेव्हा मला टेकडी चढवणार नाही."

"तू घरीच बस. पाणी मी घालीन... येताना तुझ्यासाठी उंबरं आणीन."

ऋतिकाने पर्समधून पेन काढलं, पाटीवर वाकली, आणि 'आई आहे' खोडून वर लिहिलं : 'आई-बाबा आहेत.'

इंद्रजीतने पाटी दोनदा वाचली. त्याला वाचता येत होतं.