हरिकेनच्या पंखाला इस्त्री

भोरच्या एसटी स्टँडमागच्या लाँड्रीत मी शिरले तेव्हा माझ्या हातात साडी नव्हती, ड्रेस नव्हता... विमानाचा पंख होता.

काउंटरमागच्या तरुणानं आधी पंखाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"धुवायचाय, का नुसती इस्त्री?"

हसू दाबत मी म्हणाले, "नुसती इस्त्री. घरच्या इस्त्रीनं एक कोपरा जाळलाय मी."

मग सगळं सांगावंच लागलं. मी शेफाली, इथल्याच कॉलेजात फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. रिमोटवर उडणारं लढाऊ विमान बांधत होते – दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन. लाकडी किट होतं. पापडासारख्या पातळ पट्ट्या घासून, चिकटवून एकेक फासळी उभी केली होती. दिवाळीपासून दुसरं काही सुचलंच नव्हतं! आता वर प्लास्टिकची हिरवी फिल्म बसवायची होती. ऊब मिळाली की ती आकसून ताणली जाते. जास्त मिळाली की भोक.

"म्हंजी रेशमी साडीचीच जात," तो म्हणाला आणि इस्त्री मंद केली. "तुमी धरा, मी फिरवतो."

इस्त्री पंखावरून हलकेच सरकत गेली. सुरकुत्या पळाल्या. मी टिचकी मारली – टण्ण! दोघंही हसलो.

त्याचं नाव अमृत. मग मी शेपूट नेलं, नंतर दुसरा पंख, नंतर धड...

"सगळं एकदम का आणत न्हाई?" त्यानं एकदा विचारलं.

"एकदम आणलं तर एकदम संपेल ना."

तो माझ्याकडं बघतच राहिला.

"अहो, जळेल!"

"जळू दे... न्हाई, न्हाई!" त्यानं झटकन इस्त्री उचलली.

विमान उडवायला त्यानं आपल्या गावचा, भोंगवलीचा मोकळा माळ सुचवला. रविवारी तिथं पोचले, तर त्याची आई फुलाबाई आणि अर्धी वाडी हजर. काही महिन्यांची मेहनत एका क्षणात मातीत जाऊ शकत होती.

म्हातारे चिमाजीतात्या विमानाभोवती फिरून आले. "अमृता, तू बनवलंस व्हय रं?"

"न्हाई तात्या, ह्यांनी. बोटं बघा त्यांची, पात्यानं कापल्याली. म्या फकस्त इस्त्री केली." पण छाती अशी फुगवली होती, की जणू त्यालाच पंख फुटलेत!

मी रिमोटवर थ्रॉटल दिलं. हरिकेन गवतात दोनदा उसळलं – आणि उडालं. माळावर एकच गलका झाला. इतक्यात डोंगराकडून वारा आला. विमान कलंडलं, थेट विजेच्या तारांकडं निघालं. माझी बोटं गोठली.

"शेफाली, वळव!"

अमृतचा आवाज कानात शिरला आणि अंगठा हलला. पंख उभा झाला, तारांच्या अलीकडं उन्हात लखकन चमकला... आणि वळला. एक मोठा फेरा घेऊन मी विमान अलगद गवतावर उतरवलं. माझं विमान! माझ्या हातांनी बांधलेलं, माझ्या हातांनी उतरवलेलं.

फुलाबाई धावत आल्या. त्यांनी कानशिलावर बोटं मोडून आधी विमानाची दृष्ट काढली, मग माझी.

गर्दी विमानाकडं वळली तेव्हा मी अमृतला हळूच म्हणाले, "मघाशी तुम्ही मला... एकेरी हाक मारलीत."

त्याचे कान लाल झाले. "तोंडातनं निसटली. राग आला?"

"आला. एकदाच मारलीत म्हणून."

त्यानं गर्दीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं... आणि छातीभर श्वास घेतला.

"शेफाली! लई आवडतीस तू मला!"

सगळा माळ आमच्याकडं वळला. मी मान खाली घातली नाही.

"तूपण मला आवडतोस, अमृत," मी म्हणाले – त्याच्याइतक्याच मोठ्यानं.